मुंगीच्या नावावरचं पोतं

१

पैज लागली ती जिन्यात, आणि कारण होतं एक शर्ट.

रेडिओवाल्याच्या नव्या शर्टाच्या दोन्ही बाह्या मी टोकाला बारीक टाक्यांनी शिवून बंद केल्या होत्या. सकाळी घाईत त्याने हात घातले, ते बाहेर येईनात. तसाच, पेंग्विनसारखा, तो तिसऱ्या मजल्यावरून उतरत आला आणि त्याने मला जिन्यातच गाठलं. आमच्या इमारतीत तळाला माझं टेलरिंगचं दुकान, समोर त्याचं रेडिओ-दुरुस्तीचं, आणि वर सगळे राहणारे.

"मास्तर, अरे वय काय तुझं?"

"पन्नासला दोन कमी."

"अक्कल किती कमी?"

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या हेडबाई खाली आल्या. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्यासमोर मोठमोठ्या माणसांचे हात आपोआप खिशातून बाहेर येतात. त्यांनी बाह्या पाहिल्या, टाके मोजले आणि म्हणाल्या, "शिवण चांगली आहे. बुद्धी वाया चाललीय. आठ दिवस एकही खोडी न काढता राहून दाखवा."

"हा? आठ तास राहिला तरी मी दाढी काढीन," रेडिओवाला म्हणाला. त्याला दाढी नाही.

"हरलो तर?" मी विचारलं.

"तर अंगणात सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि बारा वर्षांतल्या सगळ्या खोड्या वाचून दाखवायच्या. काय केलं, का केलं आणि 'मी केलं' असं म्हणून."

"आणि जिंकलो तर?"

"मागा."

तोंडातून निघून गेलं, "तुमच्या दाराला परत घंटी बसवा."

नऊ वर्षांपूर्वी बाईंचे यजमान, आमचे सर, गेले, तेव्हा बाईंनी दाराची घंटी वायरीसकट उपटून टाकली होती. तेव्हापासून त्यांच्याकडे जाणारा दार ठोकतो.

"घंटीचं तुम्हाला काय?" बाईंनी विचारलं.

"ठोकून ठोकून लोकांचे हात दुखतात."

बाईंनी हात पुढे केला, मी तो हातात घेतला. रेडिओवाला भिंतीकडे बघत राहिला. मी काय मागितलं आणि का मागितलं, ते त्या जिन्यात मला आणि त्यालाच ठाऊक होतं.

तीन दिवस मी साधूसारखा राहिलो. चौथ्या दिवशी दुकानात माझी भाची आली. तिच्या गळ्यात नेहमी असणारं ऑफिसचं कार्ड नव्हतं.

२

तिला आम्ही लहानपणापासून मुंगी म्हणतो. चार वर्षांची असताना पसरलेले मणी एका डब्यातून दुसऱ्या डब्यात एकेक करून नेत बसली होती. मूठभर ने म्हटलं तर म्हणाली, "मग चुकलेला कसा सापडणार?"

आता ती प्रोग्रॅम लिहिते. चार माणसांचं छोटं ऑफिस. दवाखान्यात पेशंटच्या नसेत थेंबथेंब औषध सोडणारा पंप असतो, त्याच्या पोटातलं डोकं हे लोक बनवतात.

कटिंगच्या टेबलाशी स्टुलावर बसली आणि म्हणाली, "मामा, माझ्यामुळे एक बाई गेली म्हणतात."

माझी कात्री थांबली.

"नर्सने आकडा चुकीचा टाकला. तसं होतं कधीकधी, म्हणूनच पंपात मर्यादा असते. मर्यादेच्या वर गेलं की पंप ओरडतो. या वेळी ओरडला नाही. कारण दोन महिन्यांपूर्वी कुणीतरी मर्यादा दुप्पट करून ठेवली. दोन मुलांची आई होती ती, मामा."

"कुणी केली?"

"नोंदीत माझं नाव आहे."

मग तिने मला समजावलं. प्रोग्रॅममध्ये काही बदललं की त्याची नोंद करायची. तिला ते कमिट म्हणतात. काय बदललं, का बदललं, कुणी, कधी. एकावर एक अशा हजारो नोंदी, पार पहिल्या दिवसापासूनच्या. वर्षांनी काही बिघडलं तरी मागे जाऊन नेमकं कुठे बिघडलं ते सापडावं म्हणून.

"आणि तू तो बदल केला नाहीस."

"नाही."

"मग नाव कसं आलं?"

"नाव काय, मशीनला सांगशील ते लावतं. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव लिहितो ना, तसं. पण मामा, 'ते मी नाही' असं तर प्रत्येकजणच म्हणेल. सोमवारी चौकशी आहे. माझं नाव पक्कं झालं तर माणसाच्या जिवाशी संबंध असलेलं कुठलंच काम मला पुन्हा मिळणार नाही. मग पोलीस."

ती रडली नाही. टेबलावर सांडलेल्या टाचण्या एकेक करून डबीत भरत राहिली.

"नोंदींची यादी आहे?"

तिने पिशवीतून साठ पानांचा गठ्ठा काढला.

३

मला प्रोग्रॅममधलं ओ की ठो कळत नाही. पण उसवलेला कपडा समोर आला की तो कुणी शिवला ते मी सांगतो. कुणी टाका ओढून घेतो, कुणी सैल सोडतो, कुणी शेवटची गाठ दोनदा मारतो. माणूस नाव बदलेल, हाताची सवय कशी बदलेल?

दुपारभर यादी वाचली. दुसऱ्या तासाला मुंगीचा हात ओळखू यायला लागला. तिची प्रत्येक नोंद एकाच गोष्टीची. वरती एका ओळीत काय केलं, खाली दोन-तीन ओळींत का केलं. जिथं दोन गोष्टी तिथं नोंदी दोन.

"एवढ्या बारीक कशाला?"

"उद्या एक बदल चुकीचा निघाला तर तेवढाच उपसून काढता येतो. दहा बदल एकत्र बांधले तर एकासाठी दहा उपसावे लागतात."

बरोबर. बाही लांब झाली म्हणून मी कॉलर उसवत नाही.

मग आणखी एक दिसलं. "तुझ्या नोंदी जोडीने का येतात गं? आधी एक येते, तिच्यावर 'चाचणी' लिहिलेलं असतं."

"आधी चाचणी लावते. बदल चुकला तर बोंब मारेल अशी. मग बदल करते."

"म्हणजे आधी टाचणी, मग टाका."

"हो. सहा वर्षांत एकदाही उलटं केलं नाही."

"ऑफिसात अजून कोण करतं असं?"

"कुणीच नाही. हसतात मला."

मी ती काळी नोंद काढली. वरून बघितलं तर हुबेहूब मुंगीची. 'अलार्मची मर्यादा वाढवली.' खाली कारण: 'अलार्म विनाकारण वारंवार वाजतो. परिचारिकांची तक्रार आहे.' शहाण्यासारखं, नीटनेटकं.

पण तिच्या आधी टाचणी नव्हती. आणि आत काय काय बदललं ते मुंगीने दाखवलं, तर चाळीस फायली! एकोणचाळीस फायलींत नुसत्या रिकाम्या जागा पुसलेल्या, आणि मधेच, गवतात साप असावा तशी, ती एक ओळ.

"मुंगे, तू दाणा नेणारी. हे तर पोतं आहे."

"दादांना दाखवलं मी हे. दादा म्हणजे आमचे सीनियर. म्हणाले, घाईत होतं कधी कुणाचंही."

ते खरंच होतं. घाईत मीही एकदा खिसा आतून शिवला होता. (तो घाईत नव्हता, पण ते राहू दे.)

खिशावरून आठवलं. दुरुस्तीला आलेल्या कपड्याचे खिसे मी आधी रिकामे करतो आणि सापडेल ते चिटोरं एका पत्र्याच्या डब्यात ठेवतो. मुंगीचा करडा कोट पंधरा दिवसांपूर्वी बाही आखूड करायला आला होता. ती बाई जायच्या आधी.

डबा उघडला. मुंगीच्या अक्षरातल्या दोन चिठ्ठ्या निघाल्या. त्या बघून ती उभीच राहिली.

४

"मामा, हे नोंदींचे आकडे आहेत. संध्याकाळी दादांना सांगायला मी लिहून घेते."

एका चिठ्ठीवर तारीख तीन महिन्यांपूर्वीची, दुसरीवर पाच आठवड्यांपूर्वीची. तारखेखाली प्रत्येकी एक नोंद आणि तिच्यापुढे आकडे-अक्षरांची गिचमिड.

तिने जुन्या चिठ्ठीचा आकडा यादीत शोधला. सापडला. मग नव्या चिठ्ठीचा शोधला. ती नोंद होती, शब्द न् शब्द तोच, तारीख तीच. पण आकडा वेगळा.

"चुकून लिहिला असशील."

"नाही. ऐक ना." तिचा आवाज बारीक झाला होता. "हा आकडा मशीन काढतं, आणि तो आधीच्या सगळ्या नोंदींवरून निघतो. मागे कुठेही एक अक्षर बदललं, की तिथून पुढचे सगळे आकडे बदलतात."

"स्वेटरचं खालचं घर सुटलं की वरच्या सगळ्या ओळी सुटतात, तसं?"

"तसंच. तीन महिन्यांपूर्वीचा आकडा जुळतो, पाच आठवड्यांपूर्वीचा जुळत नाही. म्हणजे मधलं काहीतरी, मी ही चिठ्ठी लिहिल्यानंतर, कुणीतरी उसवून पुन्हा शिवलं."

आणि दोन महिन्यांपूर्वीची ती काळी नोंद बरोब्बर त्या मधल्या भागात होती.

"बाकीच्यांच्या मशीनवर जुनी यादी असेल की!"

"होती. पण ती बाई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांची मशीनं चौकशीसाठी म्हणून कपाटात गेली आणि आम्हाला कोरी मिळाली. परवा कळलं, कपाटातली पुसून झालीत. कुणी पुसली विचारलं तर सगळे म्हणतात, नियम आहे."

"कपाटाची किल्ली?"

"तिघांकडे. दादा, चाचण्या चालवणाऱ्या बाई आणि आमचे साहेब. मुख्य यादीला हात लावायची परवानगीही त्याच तिघांना."

दोन चिठ्ठ्या हातात होत्या, आणि सोमवारी कुणीही म्हणालं असतं की या तुम्ही कालच लिहिल्या. यादीला कुणीतरी हात लावला हे आम्हाला कळलं होतं. कुणी लावला, ते त्या तिघांपैकी एकालाच माहीत होतं.

५

शुक्रवारी मी ऑफिसात गेलो. निमित्त, भाचीचा डबा आणि छत्री आणायची. गळ्यात टेप. टेलरला कुणी घाबरत नाही. टेप बघितला की माणूस पोट आत घेतो आणि तोंड मोकळं सोडतो.

चार टेबलं, पांढऱ्या भिंती, कोपऱ्यात एक पंप ठेवलेला. त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

आधी दादा. जाड मिशा, नखं खाल्लेली. मुंगीच्या सगळ्या नोंदी रोज तेच तपासतात.

"पोरगी गुणी आहे हो," ते म्हणाले. "तिच्या चाचण्या मी रोज वाचतो."

"मग या वेळची टाचणी... म्हणजे चाचणी... कुठे गेली?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मिशी चावली. "मास्तर, दोन महिन्यांपूर्वी चाळीस फायलींचं एक गाठोडं आलं होतं. 'किरकोळ सुधारणा' लिहिलेलं. एवढं कोण सोडून बघतं? वर नावही बघितलं नाही. 'ठीक' लिहिलं आणि घरी गेलो." त्यांचे डोळे भरले. "तेच गाठोडं. आता त्यावर वेगळंच लिहिलंय. पण मी न वाचता 'ठीक' लिहिलं, हे मी कुणाला सांगू?"

घाबरलेला माणूस. पण घाबरण्याची कारणं दोन असू शकतात.

चाचणीबाई म्हणजे ऑफिसात चाचण्या चालवणाऱ्या. त्यांनी मला खुर्चीही दिली नाही. "तुमच्या भाचीचं आणि माझं भांडण झालं होतं, ते कळलंच असेल. ती म्हणे मर्यादेला हात लावायचा नाही. मी म्हटलं, अलार्मच्या आवाजाने नर्सेस वेड्या व्हायच्या राहिल्यात."

"म्हणजे मर्यादा वाढवावी असं तुम्हाला वाटत होतं."

"वाटत होतं. लपवते कशाला?" मग जरा थांबून म्हणाल्या, "पण तिची चाचणी आधी माझ्याकडे येते. रोज सकाळी. त्या दिवशी आली नव्हती, एवढं मी चौकशीत सांगणार आहे. भांडण वेगळं आणि हे वेगळं."

शेवटी साहेब. चाळिशीचा माणूस, डोळ्यांखाली काळं. पूर्वी स्वतः प्रोग्रॅम लिहायचे. चहा मागवला, स्वतःचा प्यायले नाहीत.

"मला फार वाईट वाटतंय," ते म्हणाले. "तिच्या नोंदी म्हणजे नमुना. दर शुक्रवारी दादा मला आठवड्याचा गोषवारा पाठवतात. मी तिच्याच ओळी आधी वाचतो."

टेबलावर तो पडलाच होता. एक पान. मी चष्मा लावला. मुंगीच्या आठवड्यातल्या सहा ओळी: काय आणि का. चाचण्यांची एकही ओळ नाही.

"चाचण्या गाळल्यात?"

"त्या कशाला मला? फापटपसारा."

निघताना मी तिघांनाही, वेगवेगळं गाठून, एकेक गोष्ट कानात सांगितली. काय सांगितलं, ते आधी हेडबाईंना सांगणं भाग होतं.

६

घरी आल्या आल्या बाईंचं दार ठोकलं.

"बाई, पैजेचा उद्या सहावा दिवस. तपासासाठी केलेली खोडी धरायची का?"

त्या स्वेटर विणत होत्या. सुया थांबल्या. "खोडी ती खोडी. केलीत?"

"पेरून आलोय. उद्या एक वाजता उगवेल."

तिघांच्या कानात काय घातलं ते मी सांगितलं. "भाचीने यादीची जुनी प्रत पेनड्राइव्हवर ठेवली होती आणि तो तिच्या कोटाच्या अस्तरात शिवलाय. सोमवारी उसवून चौकशीत देणार. दुकानात तो कोट टांगलाय. दादांना म्हटलं करडा, चाचणीबाईंना निळा, साहेबांना काळा. आणि तिघांनाही सहज बोलून गेलो की मी एक ते दोन जेवायला वर जातो, शटर अर्धं उघडंच असतं."

"पेनड्राइव्ह आहे?"

"नाही हो. असता तर रडलो असतो का?"

"तुमचा संशय कुणावर?"

"ज्याने ती नोंद मुंगीसारखी सजवली, त्याला तिचं बोलणं पाठ होतं, पण तिचं काम माहीत नव्हतं. टाचणी लावायची असते हेच त्याला ठाऊक नाही. दादा टाचण्या रोज वाचतात. चाचणीबाईंकडे त्या सकाळी सगळ्यात आधी येतात. त्यांनी नक्कल केली असती तर टाचणीची पण केली असती. टाचण्या गाळलेला कागद एकालाच मिळतो."

"साहेब."

"पण अंदाजाला पुरावा कोण म्हणतो? म्हणून कोट."

बाईंनी सुया बाजूला ठेवल्या. "दोनच दिवस राहिले होते, मास्तर. जिंकला असतात."

"पोरीचं आयुष्य आहे, बाई. लिहून ठेवा, हरलो."

हरलो म्हणजे ती यादी वाचायची. सगळी. त्यातली शेवटची ओळ मी बाईंसमोर कधी उच्चारली नव्हती.

"साक्षीदार लागेल," त्या उठल्या. "तुमच्या ट्रायल रूममध्ये स्टूल मावतं का?"

७

शनिवारी एक वाजता मी ठरल्यासारखा वर गेलो. जेवलो नाही, जिन्याच्या वळणावर बसलो. समोर रेडिओवाला एका उघड्या रेडिओवर वाकून बसला होता, पण त्याची मान रेडिओत आणि डोळे दुकानात.

एक वाजून वीस मिनिटांनी त्याने गाणं लावलं. ती खूण होती.

मी खाली येईपर्यंत सगळं झालं होतं. काळा कोट टेबलावर उताणा, अस्तर ब्लेडने सरळ कापलेलं. साहेब हात अर्धा आत घालून उभे, आणि ट्रायल रूमचा पडदा बाजूला करून हेडबाई, हातात विणकाम.

"हात बाहेर काढा," बाई म्हणाल्या. शाळेत म्हणायच्या तशाच.

हात बाहेर आला. त्यात माझी चिठ्ठी होती. अस्तरात मी तेवढीच शिवली होती: 'काय केलं? का केलं? कुणी केलं?'

साहेबांनी ती वाचली. मग स्टुलावर बसले, एखादा कपडा खुंटीवरून घसरावा तसे.

"रोज चाळीस वेळा वाजायचा," ते म्हणाले. आमच्याकडे बघत नव्हते. "एका दवाखान्यात मी स्वतः बघितलं. नर्सने पंपावर उशी दाबून ठेवली होती, आवाज येऊ नये म्हणून. सारखी वाजणारी गोष्ट कुणी ऐकत नाही. म्हटलं, कमी वाजला तर वाजेल तेव्हा ऐकतील. तपासायला वेळ नव्हता, नवे पंप दुसऱ्या दिवशी जायचे होते. दादांनी विचारू नये म्हणून रिकाम्या जागा पुसल्या, गठ्ठा मोठा केला, त्यात ती ओळ टाकली. माझ्याच नावाने. आणि मग ती बाई गेली."

"आणि मुलीचं नाव?"

"तिच्या नोंदींवर सगळ्यांचा विश्वास. वाटलं, ती असेल तर लोक म्हणतील, इतकी नीट मुलगी, प्रामाणिक चूक असेल, आणि सोडून देतील." त्यांनी चिठ्ठी गुडघ्यावर सरळ केली. "जुनी यादी माझ्या घरच्या मशीनवर आहे. पुसायला बसलो होतो. हात धजावला नाही."

"ती घेऊन सोमवारी तुम्हीच जायचं," बाई म्हणाल्या.

त्यांनी मान हलवली.

माझ्या कानात एकच वाक्य अडकलं होतं. सारखी वाजणारी गोष्ट कुणी ऐकत नाही. समोर रेडिओवाल्याने गाणं बंद केलं.

८

सोमवारी साहेब गेले. दादाही गेले, आणि न वाचता लिहिलेल्या त्या एका शब्दाबद्दल स्वतः सांगून आले. बुधवारी मुंगी कामावर परतली. ती जी बाई गेली, ती काही परतली नाही. हे मुंगीच म्हणाली, कार्ड गळ्यात घालताना.

पण त्याआधी, मंगळवारी सकाळी, अंगणात खुर्च्या मांडल्या गेल्या.

यादी करायला मुंगी बसली होती. "एका ओळीत एकच खोडी, मामा. आणि प्रत्येकीला कारण." एकतीस झाल्या.

मी उभा राहिलो. "पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या छत्रीत कापडाच्या चिंध्या भरल्या. कारण, त्यांनी मला आळशी म्हटलं होतं. मी केलं." काकू ओरडल्या, "तरीच मेल्या!" लोक हसले. "रेडिओवाल्याच्या पाटीवरचा 'दुरुस्ती' हा शब्द झाकून ठेवला. कारण, कंटाळा आला होता. मी केलं." पुन्हा हसले. पंचविसाव्यापर्यंत तर मुलं ओळ संपायच्या आत 'मी केलं' माझ्याबरोबर म्हणत होती.

एकतिसावी आली.

"नऊ वर्षांपूर्वी," मी वाचलं, "महिनाभर रोज दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या घंट्या वाजवून पळायचो. हळूहळू लोकांनी दार उघडणं सोडलं."

मी पान उलटलं.

"एका दुपारी सर घरात एकटे होते. छातीत दुखलं म्हणून बाहेर आले आणि समोरच्या दाराची घंटी तीनदा वाजवली. आतल्या माणसाला वाटलं, मी आहे. सर जिन्यातच बसले. बाई शाळेतून आल्या तेव्हा ते तिथंच होते."

रेडिओवाला खुर्चीवरून उठून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. "आतला मी. मी उठलो नाही. हे पण लिही."

"ती वेगळी नोंद," मुंगी हळूच म्हणाली. "तुमच्या नावाने."

हेडबाई पहिल्या रांगेत होत्या. विणकाम मांडीवर. त्यांना काय माहीत होतं आणि काय नव्हतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

"का?" त्यांनी विचारलं.

"अं?"

"काय वाचलंत. कुणी, तेही कळलं. का राहिलं."

मी कागदात बघितलं. ती ओळ मी कोरी सोडली होती. मुंगीने विचारलं होतं, तेव्हा मी म्हटलं होतं, नंतर भरतो.

"लोक दार उघडून इकडेतिकडे बघायचे," मी म्हटलं. "त्याचं हसू यायचं."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी हात पुढे केला. मी कागद दिला. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. छत्री, पाटी, बाह्या, सगळं. कुणी उठलं नाही.

मग पेन मागितलं. कोऱ्या जागेत कारण त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, मी सांगितलं तेवढंच. पुढे सर गेले त्या दिवसाची तारीख घातली. ती त्यांना आठवावी लागली नाही.

मग पेन तळाशी नेलं. मला वाटलं, 'ठीक' लिहितील. मनातून मी तेच मागत होतो.

त्यांनी लिहिलं, 'वाचलं.' खाली सही केली, कागदाची घडी घालून माझ्या शर्टाच्या खिशात ठेवली आणि जिना चढून वर गेल्या.